घरगुती पाळणाघरातील स्वयंपाकघर: अन्नसुरक्षा शिकवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फोंडा तालुक्यात कुंडई आणि बेतोडा येथील औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या अनेक आया सकाळी आपले मूल शेजारच्या एखाद्या वहिनीकडे किंवा आजीकडे सोडतात आणि संध्याकाळी घरी परतताना घेऊन जातात. दारावर पाटी नसलेली अशी घरगुती पाळणाघरे गोव्यात वाड्यावाड्यांवर आहेत. ती चालवणाऱ्या बायकांनी स्वतःची मुले वाढवलेली असतात आणि स्वयंपाकात त्यांचा हात मुरलेला असतो. त्यामुळे त्यांना अन्नसुरक्षा शिकवायला जाणाऱ्याने आधी स्वतःशी एक गोष्ट पक्की करावी की, आपण त्यांना स्वयंपाक शिकवायला आलेलो नाही. घरच्या चार माणसांसाठी रांधणे आणि परक्यांच्या सहा लहान मुलांसाठी रांधणे यांत जो फरक पडतो, तेवढाच आपला विषय आहे.

हा फरक मुख्यतः वेळेचा आहे. घरी बाराला भात झाला की साडेबाराला पाने वाढली जातात. पाळणाघरात एक मूल साडेबाराला जेवते, दुसरे झोपलेले असते आणि अडीचला उठून जेवायला मागते, तिसऱ्याची आई सकाळी भरलेला डबा देऊन गेलेली असते. शिवाय जे हात भात कालवतात तेच हात दिवसातून आठ-दहा वेळा लंगोट बदलतात. जेवणारे वयही नाजूक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार पाच वर्षांखालील मुले जगाच्या लोकसंख्येत ९ टक्के आहेत, पण दूषित अन्नामुळे होणाऱ्या आजारांचा ४० टक्के भार त्यांच्यावर पडतो आणि दरवर्षी सुमारे १,२५,००० मुले त्यात दगावतात. हे आकडे वर्गात एकदाच, शांतपणे सांगावेत. बायकांना घाबरवण्यासाठी त्यांचा वापर करू नये, कारण घाबरलेली बाई शिकत नाही, ती झालेली चूक लपवू लागते.

वर्ग कुठे आणि कसा घ्यावा

पंचायतीच्या सभागृहात किंवा देवळाच्या सभामंडपात खुर्च्या मांडून हा विषय शिकवता येत नाही. मी हे वर्ग घेऊ लागले तेव्हा भिंतीवर तक्ता लावून तासभर जंतूंविषयी बोलले होते. सर्वांनी मन लावून ऐकले आणि त्यानंतर जो चहा आला, त्याचे पेले एकाच बादलीतल्या पाण्यात बुचकळून आणलेले होते. दोष त्या बायकांचा नव्हता. मी जे सांगितले होते त्यातले काहीही त्यांच्या बादलीपर्यंत पोहोचलेले नव्हते. तेव्हापासून मी वर्ग कुणाच्या तरी चालत्या स्वयंपाकघरातच घेते. सहा ते आठ जणी, दीड-दीड तासाच्या तीन बैठका आणि दोन बैठकांमध्ये एक आठवडा, एवढे प्रमाण पुरते. बैठक सकाळी साडेदहाच्या सुमारास ठेवावी, म्हणजे भात शिजताना, मासे चिरताना आणि मुले रडतानाच शिकवणे होते. तुम्ही मराठीत बोललात तरी उत्तरे कोकणीत येतील आणि भांड्यांची, माशांची नावे कोकणीच असतील. ती तशीच स्वीकारावीत.

पहिली बैठक: घड्याळ

या बैठकीसाठी लागणारी एकच वस्तू म्हणजे अन्नात खुपसता येईल असा टोकदार दांडीचा डिजिटल थर्मामीटर. आधी पेलाभर कुटलेला बर्फ थोड्या पाण्यात घालून त्यात त्याचे टोक धरावे. तो शून्याच्या आसपास दाखवत असेल तर यंत्र बरोबर आहे, ही खात्री सर्वांसमोर करून घ्यावी. मग चुलीवरून उतरवलेल्या भाताच्या टोपात, अगदी मध्यभागी, दर अर्ध्या तासाने एकीला तापमान मोजायला लावावे आणि दुसरीला ते वेळेसह कागदावर लिहायला सांगावे. तुम्ही स्वतः काही बोलू नये. आकडे उतरत जातात आणि साठाच्या खाली जातात, तेव्हा सांगावे की ६० अंशांपासून ५ अंश सेल्सियसपर्यंतचा हा पट्टा जंतूंच्या वाढीसाठी सर्वांत सोयीचा असतो आणि आपले घड्याळ इथून सुरू होते.

सर्वसाधारण नियम असा की शिजवलेले अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एका तासापेक्षा जास्त राहू नये. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचे स्वयंपाकघर दुपारी बत्तिसाच्या वरच असते. मी मात्र बाराही महिने एकच तास शिकवते. दोन नियम आणि त्यांच्यातली सीमारेषा हे सगळे लक्षात ठेवण्यापेक्षा एक कडक नियम पाळणे कामाच्या धांदलीत सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

भाताविषयी थोडे सविस्तर बोलावे, कारण इथेच सर्वांत जास्त विरोध होतो. "भात कसा बाधेल? जन्मभर उरलेला भात खाल्ला," असे कोणीतरी म्हणतेच. त्यावर वाद न घालता कारण सांगावे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळीतही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांतले काही असे विष तयार करतात की भात पुन्हा कितीही तापवला तरी ते नाहीसे होत नाही. "परत गरम केला की झाले" ही समजूत मोडणे हे या बैठकीचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. जंतू तापवल्याने मरतात, त्यांनी आधीच करून ठेवलेले विष कित्येकदा मरत नाही, हे वाक्य वर्गातल्या प्रत्येकीने आपल्या शब्दांत एकदा म्हणून दाखवावे.

यानंतर कालच्या कडीचा, म्हणजे आदल्या दिवशीच्या आमटीचा, विषय आपोआप निघतो. नारळाच्या वाटणाचे हुमण (माशांची आमटी) रात्री मातीच्या कुंडल्यात आटवून ठेवायचे आणि सकाळी पोदेराने आणलेल्या पावाबरोबर खायचे, ही गोव्याच्या घराघरांतली आवडीची चव आहे. तिला नावे ठेवली की वर्ग तुमच्या हातून गेलाच म्हणून समजावे. मी एवढेच सांगते की ती मोठ्यांच्या ताटात राहू द्या, परक्याच्या दोन वर्षांच्या मुलाच्या ताटात वाढू नका. नारळाचे वाटण ओलसर आणि पौष्टिक असल्यामुळे उष्ण हवेत फार लवकर आंबते आणि लहान मुलाच्या शरीरातले पाणी दोन-चार उलट्यांतही धोकादायक पातळीला उतरू शकते, हे कारण त्यांना पटते.

मग उशिरा उठणाऱ्या मुलाला काय द्यावे, हा खरा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर न देता नियम सांगितला तर तो कोणी पाळणार नाही. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्याच्यापुरते ताजे करणे. नाचणीचे सत्त्व तयार असेल तर दहा मिनिटांत होते. मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी छोट्या कुकरमध्ये होते. उकड्या तांदळाची पेज मात्र वेळ घेते, म्हणून ती अशा वेळी उपयोगाची नाही. ताजे करणे शक्यच नसेल तर भात होताच त्या मुलाचा वाटा पसरट ताटलीत काढून पंख्याखाली निववावा, अर्ध्या तासात झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि त्याच दिवशी एकदाच, आतपर्यंत वाफ येईल इतका म्हणजे ७५ अंशांपर्यंत तापवून मग खाण्याजोगा निववून द्यावा. भरलेला टोप तसाच फ्रिजमध्ये ठेवला तर मधला भात कित्येक तास कोमट राहतो, हेही थर्मामीटरने दाखवता येते.

फ्रिजचे तापमान ५ अंश किंवा त्याहून कमी असावे. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा दार अजिबात न उघडल्यास आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. त्यानंतर दूध, मासे आणि शिजवलेले अन्न मुलांना देऊ नये.

दुसरी बैठक: विळी आणि हात

आपल्याकडच्या विळीला पुढे खवणी असते. त्याच विळीवर बसून सकाळी बांगडे चिरले जातात, मग ती पाण्याने विसळली जाते, आणि त्याच खवणीवर नारळ खवला जातो. हे डोळ्यांना दिसेल असे करून दाखवावे. दुधी भोपळ्याच्या एका तुकड्याला ओले कुंकू सगळीकडून चोळावे, तो मासा आहे असे समजून विळीवर चिरायला सांगावा, नंतर रोज विसळतात तशी विळी विसळायला सांगावी आणि लगेच अर्धी कवड खवायला द्यावी. खवणीच्या दात्यांत आणि पात्याच्या सांध्यात राहिलेले कुंकू पांढऱ्याशुभ्र खोबऱ्यात लालसर रेघांनी उतरते. मी हा प्रयोग कित्येकदा केला आहे आणि दर वेळी ते ताट पाहून स्वयंपाकघर क्षणभर गप्प होते. त्यानंतर माशांसाठी वेगळी सुरी आणि वेगळा पाट ठेवा, हे सांगावे लागत नाही, त्या स्वतःच म्हणतात. दुसरी सुरी घेणे जमत नसेल तर क्रम बदलावा: आधी नारळ, मग कच्ची खायची फळे आणि काकडी, मग भाजी, आणि सर्वांत शेवटी मासे. त्यानंतर विळी साबण लावून ब्रशने घासावी आणि वर उकळते पाणी ओतावे.

सोलकढीचा विषय इथेच काढावा. नारळाचे दूध हाताने पिळले जाते, त्यात कोकमाचे आगळ पडते आणि ती न उकळता प्यायली जाते. म्हणजे खवणीवरचे, हातांवरचे आणि पाण्यातले जे काही असेल ते सरळ मुलाच्या वाटीत जाते. कढी करूच नका, असे मी सांगत नाही. धुतलेल्या हातांनी, उकळून गार केलेल्या पाण्यात, जेवायला बसायच्या आधी करावी आणि उरली तर ठेवू नये.

हातांसाठी तेल आणि हळद पुरते. प्रत्येकीने तळहातांना थोडे तेल व हळद चोळून, डोळे मिटून, नेहमीच्या सवयीने हात धुवावेत. डोळे उघडल्यावर अंगठ्याची मागची बाजू, बोटांची बेचके आणि नखांच्या कडा पिवळ्या दिसतात. साबणाने निदान २० सेकंद चोळणे म्हणजे नेमके किती, हे तेव्हा कळते. पण कसे धुवावेत यापेक्षा केव्हा धुवावेत हे पाळणाघरात अधिक मोलाचे आहे: लंगोट बदलल्यावर, मुलाचे नाक पुसल्यावर, कच्चे मासे, चिकन किंवा अंडे हाताळल्यावर, केराला हात लागल्यावर, आणि प्रत्येक वेळी अन्नाला हात लावण्यापूर्वी. लंगोट बदलण्याची जागा स्वयंपाकघरापासून दूर असावी, तिथली बादली आणि फडके तिथेच राहावे, आणि बदलून झाल्यावर मुलाचेही हात धुवावेत. हाताला कापलेले किंवा गळू असेल तर ते झाकून वर हातमोजा घालावा, कारण अशा जखमांतल्या स्टॅफिलोकॉकस जंतूचे विषही तापवल्याने जात नाही. स्वतःला जुलाब किंवा उलट्या होत असतील तर त्या थांबल्यावर ४८ तास उलटेपर्यंत मुलांसाठी रांधू नये, आणि त्या दिवसांसाठी नणंद, जाऊ किंवा शेजारीण यांपैकी कोणाला सांगायचे हे आधीच ठरवून ठेवावे.

फडक्यांकडे बहुतेक प्रशिक्षणांत दुर्लक्ष होते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत ओटा पुसायचे फडके दोन-दोन दिवस वाळत नाही. सतत ओल्या असलेल्या त्या फडक्याने ओटा, ताटली आणि मुलाचे तोंड पुसले जाते. आठवड्याच्या सात वारांची सात फडकी करावीत, रात्री वापरलेले फडके उकळावे आणि चुलीजवळ किंवा पंख्याखाली पूर्ण सुकवावे. मुलाचे तोंड पुसायला प्रत्येकाचा वेगळा रुमाल असावा.

पाणी विहिरीचे असो वा ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून नळाने येणारे असो, मुलांसाठी ते खळखळून उकळावे आणि झाकण व तोटी असलेल्या भांड्यात ठेवावे. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाल्यास ते आधी गाळून आणि निवळून घ्यावे, मग उकळावे.

तिसरी बैठक: बाजार, डबा आणि बाटली

माशांच्या बाबतीत वर्गात पहिला प्रश्न फॉर्मेलिनचा, म्हणजे मासे टिकवण्यासाठी लावल्या जाणाऱ्या रसायनाचा, येतो. २०१८ साली राज्यात त्यावरून मोठा गदारोळ झाला होता आणि ती भीती अजून मनात आहे. शंका आली तर बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे कळवावे, हे उत्तर द्यावे आणि मग त्यांच्या स्वतःच्या हातात असलेल्या गोष्टीकडे वळावे. बांगडा, तारले आणि ट्यूना यांसारखे मासे पकडल्यानंतर गरम हवेत राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचे बाधणारे द्रव्य तयार होते. मासा दिसायला बरा असू शकतो आणि तळून किंवा शिजवून हिस्टामिन जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते, डोके दुखते, आणि सगळे म्हणतात की मुलाला माशाची ॲलर्जी आहे. म्हणून मासे बाजारातून सर्वांत शेवटी घ्यावेत, बर्फासकट पिशवीत ठेवावेत, वाटेत थांबू नये आणि घरी पोहोचताच साफ करून थंडीत ठेवावेत. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते तेव्हा बाजारातले बरेच मासे लांबचा प्रवास करून आलेले असतात. त्या दोन महिन्यांत पाळणाघरात डाळ, अंडी आणि कडधान्यांवर भर द्यावा, असे माझे मत आहे. तिसऱ्या आणि शिनाणे हे शिंपल्यांतले, पाणी गाळून खाणारे जीव असल्यामुळे पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. पाळणाघरातल्या मुलांना मी ते मुळीच देऊ देत नाही.

डब्याचा प्रश्न नाजूक असतो, कारण तो मुलाच्या आईने दिलेला असतो. सकाळी सातला भरलेला शिरा किंवा नारळाची चटणी लावलेली पोळी एकपर्यंत डब्यात उबते. यासाठी वर्गात दोघींना समोरासमोर बसवून संवाद करून घ्यावा, एकीने आई व्हावे आणि दुसरीने सांभाळणारी काकी. "बाय, तू डबा देतेस तो सकाळच्या खाण्याला मी देईन, पण दुपारचे मी इथे ताजे करीन. नारळ घातलेले काही दुपारपर्यंत ठेवायला देऊ नको गो," एवढे बोलायला अनेकींना धीर होत नाही. तीन-चार वेळा म्हणून पाहिले की जमते.

दूध आणणाऱ्या तान्ह्यांच्या बाबतीत कसलीही सवलत नसावी. आईने काढून दिलेले दूध खोलीत चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये, एरवी फ्रिजमध्ये ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे. बाटलीवर नाव व वेळ लिहावी. पावडरचे दूध निर्जंतुक नसते. ते उकळून थोडे निवलेल्या, पण ७० अंशांपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात कालवावे, पिण्याजोगे निववून लगेच पाजावे आणि दोन तासांत न संपलेले टाकून द्यावे. वर्षाखालील मुलाला मध देऊ नये. बाळघुटीत किंवा चाटण म्हणून मध देण्याची पद्धत असली तरी त्यातले बोटुलिझम या गंभीर आजाराचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात रुजू शकतात.

घास अडकण्याविषयी थोडक्यात: अख्खे शेंगदाणे, काजू, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे आणि अख्खी द्राक्षे पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, द्राक्षाचे उभे चार भाग करावेत, आणि माशाचा काटा स्वतःच्या बोटांनी चाचपूनच घास द्यावा. घास अडकल्यावर काय करायचे याचे प्रात्यक्षिक प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजू सोलण्याचे काम मुले घरात असताना करू नये, सालीचा चीक हाताला राहतो आणि मुलाच्या गालाला लागला की कातडी भाजते.

मूल आजारी पडल्यास

हा भाग शिकवताना आवाज खाली आणावा, कारण प्रत्येकीच्या मनात एकच भीती असते की गावात बोभाटा होईल आणि उद्यापासून कोणी मूल ठेवणार नाही. तरीही स्पष्ट सांगावे की एका मुलाला उलट्या-जुलाब सुरू झाले की त्याच्या आईला लगेच आणि इतर मुलांच्या आयांना त्याच दिवशी कळवायचे. वेळेत कळले तर दुसरी मुले वाचतात आणि डॉक्टरांना काय खाल्ले ते सांगता येते. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवावे, अर्धे पाकीट अर्ध्या लिटरमध्ये असे अंदाजाने करू नये. चमच्याचमच्याने देत राहावे. जुलाब थांबवणारी औषधे स्वतःहून देऊ नयेत. झिंकच्या गोळ्या डॉक्टर १४ दिवसांसाठी देतात, त्या मध्येच बंद करू नयेत, हे आईला सांगावे. शौचातून रक्त, खोल गेलेले डोळे, सुस्ती, पाणीही न पिणे किंवा कित्येक तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ वर फोन करावा.

प्रत्येकीला एक साधी वही द्यावी. पहिल्या पानावर प्रत्येक मुलाचे नाव, त्याला काय बाधते आणि पालकांचा फोन, आणि पुढे रोज दोनच ओळी: आज काय रांधले आणि किती वाजता उतरवले.

तिसऱ्या बैठकीनंतर तीन आठवड्यांनी प्रत्येकीच्या घरी जावे. आपण येणार आहोत हे तिला माहीत असावे, तपासणीला आल्यासारखे अचानक दारात उभे राहू नये. साडेअकराच्या सुमारास जाऊन ओट्याजवळ पाटावर बसावे आणि तासभर फक्त पाहावे: लंगोट बदलल्यावर ती आधी कुठे जाते, नळाकडे की टोपाकडे, विळीवर आधी काय चिरले, दोरीवर किती फडकी आहेत. वही मागावी. वेळेचा रकाना कोरा असेल तर रागावू नये, भिंतीवरचे घड्याळ दाखवून, चुलीवरचा भात उतरताच, तिच्याच हाताने त्या दिवसाची वेळ लिहून घ्यावी.